कोल्हा कोणीकडे गेला

१

टेकडीवरच्या कॅमेऱ्यातलं कार्ड कुणीतरी काढून नेलं होतं.

कॅमेरा मात्र जागच्या जागी. झाडाच्या खोडाला पट्ट्याने आवळलेला, चांगला महागाचा. चोराने झाकण उघडलं, नखाएवढं कार्ड काढलं, झाकण पुन्हा बसवलं, खटका दाबला आणि जाता जाता भिंगावरची धूळही पुसली. मोजणीबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मोडतोड करणारे पाहिले होते, उचलून नेणारे पाहिले होते, पण आवराआवर करून जाणारा चोर हा पहिलाच.

"वा रे बहाद्दर," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडूच यायला लागलं.

रडू यायचं कारण साधं होतं. वन्यप्राणी मोजणीच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बाई एकट्याच. साहेब लांबच्या शहरात. बाईंच्या वहीत प्रत्येक जनावराचं एक पान. त्या नोकरीला लागल्या त्या वर्षी कोल्ह्याच्या पानावर आकडा होता एक्केचाळीस. मग माळ नांगरले गेले, रस्ता रुंद झाला, उंदरांना घातलेलं विष उंदरांबरोबर कोल्ह्यांच्याही पोटात गेलं. तीस, सतरा, नऊ, दोन. आणि गेली चार वर्षं शून्य. ऑफिसचा नियम असा की सलग पाच वर्षं शून्य आलं की पान बंद. बंद म्हणजे बंदच. पुढच्या छापील वहीत त्या जनावराचं नावसुद्धा येत नाही. रानमांजराचं पान बाईंच्याच हातून बंद झालं होतं, आणि त्या दिवशी घरी जाऊन त्या जेवल्या नव्हत्या.

यंदा पाचवं वर्ष. आणि काय नवल, दोन महिन्यांत सातदा कोल्हा दिसल्याची खबर आली. सात ठिकाणी, सात वेळा. बाईंनी नकाशावर सात लाल टाचण्या टोचल्या आणि ऑफिसात कुणी नाही असं बघून चक्क टाळी वाजवली. साहेब फोनवर म्हणाले, "फोटो हवा, बाई. एक फोटो दाखवा, पान राहील. शुक्रवारपर्यंत."

शनिवारी बाईंनी कॅमेरा लावला. आज सोमवार, आणि कार्ड गायब.

त्या खाली वाकल्या. झाडाच्या बुंध्याशी, सुकलेल्या गवतात, पांढरे चिमूटभर कण सांडले होते. पिठाइतके बारीक नाहीत, खड्याइतके मोठे नाहीत. बाईंनी ते कागदात गोळा केले. कॅमेऱ्याची जागा त्यांनी फक्त तिघांना सांगितली होती. त्या तिघांपैकी एकाचं काम पांढऱ्या भुकटीशी असू शकत होतं, आणि कोल्हा नसण्यात त्याचा फायदाही होता.

२

खाणवाल्याने बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि त्या तोंड उघडायच्या आत स्वतःच सुरुवात केली.

"माझ्यावर संशय आहे ना? मला वाईट वाटलेलं नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीसुद्धा माझ्यावरच घेतला असता."

बाईंची जरा पंचाईत झाली. "तुम्हाला टेकडी हवी आहे," त्या म्हणाल्या.

"हवी आहे. उघड बोलतो. कोल्ह्याचं पान बंद झालं की टेकडीची परवानगी मला पटकन मिळेल. पण बाई, सातपैकी दोन वेळा कोल्हा पाहिल्याचं तुम्हाला कोणी कळवलं?"

"तुम्ही."

"मग? माझ्याच पायावर मी धोंडा पाडून घेतला की नाही? दिसला म्हणून सांगितलं. दिसलेलं गिळायचं कसं? आमच्या घरी लहानपणापासून खोटं बोललं की आई जेवायला वाढायची नाही. आई आता नाही, पण सवय राहिली."

बाईंनी कागदाची पुडी उघडली. खाणवाल्याने कण बोटावर घेतले, चोळले आणि हसला. खिडकीबाहेर हात केला. बाहेर खडीचे ढीग होते, काळेकुळकुळीत.

"आमचा दगड काळा, आमची धूळ काळी, माझा बनियनसुद्धा काळा. हे पांढरं सोनं आमच्याकडचं नाही."

बाईंनी पुडी मिटली. माणूस हुशार होता, पण खोटा वाटत नव्हता. उठता उठता त्यांनी विचारलं, "कोल्हा कसा होता, आठवतंय?"

खाणवाला थोडा विचारात पडला. "घाईत होता," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. भर दुपारी, एकटा. इकडे तिकडे बघत नव्हता. घरी उशीर झाल्यावर आपण चालतो ना, तसा चालला होता."

बाईंना हे उत्तर आवडलं नाही. बावीस वर्षांत असा कोल्हा त्यांनी ऐकला नव्हता.

३

शाळेचे मास्तर सातपैकी तीन नोंदींचे धनी. इतका उत्साही माणूस की बाईंच्या मनात आधीपासूनच शंका होती. पोरांना कोल्हा दाखवायच्या हौसेने मास्तरांनी एखादा कोल्हा मनातून तर काढला नसेल? आणि मनातला कोल्हा कॅमेऱ्यात येत नाही हे उघडं पडू नये म्हणून कार्ड?

मास्तर वर्गाबाहेर व्हरांड्यात आले. बाईंचं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा पडला.

"मी वर्गाला सांगितलंय, शुक्रवारी फोटो येणार म्हणून," ते म्हणाले. "चाळीस पोरांनी कोल्ह्याची चित्रं काढलीत. त्यातल्या एकानेही खरा पाहिलेला नाही. निम्म्यांनी कुत्रा काढून खाली 'कोल्हा' लिहिलंय. मी कार्ड चोरलं असतं तर त्या पोरांपुढे उभा कसा राहिलो असतो?"

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी मास्तरांची माफी मागितली, आणि मास्तरांनी ती लगेच देऊन टाकली.

तिसरा मेंढपाळ. त्याला कॅमेरा म्हणजे नेमकं काय हेच नीट ठाऊक नव्हतं. झाडाला बांधलेला डबा त्याने जाता येता पाहिला होता आणि मधमाश्यांचा असेल म्हणून लांबून गेला होता. कोल्हा त्याने दोनदा पाहिला, याबद्दल मात्र तो ठाम होता.

"एक सांगू का, बाई? माझी कुत्री त्याच्यावर धावली. कोल्हा पळेल ना? हा पळाला नाही. उभा राहिला, कुत्र्यांकडे बघितलं आणि वाट वाकडी करून लांबून निघून गेला. कुत्रीच बावचळली."

म्हणजे कोल्हा खरा होता. तिघांनी तो पाहिला होता, आणि तिघांपैकी एकालाही कार्ड नेण्याचं कारण नव्हतं. मंगळवारी सकाळी बाई ऑफिसात डोक्याला हात लावून बसल्या होत्या, तेव्हा बाहेर तीनचाकी टेम्पो थांबला. अंडीवाली मावशी आली होती. साठी ओलांडली तरी टेम्पो स्वतः चालवायची, आणि वीस गावांना अंडी पोचवायची. आत येण्याआधी ती नेहमीप्रमाणे दारातल्या फळ्यापुढे थांबली. कोल्हा कुठं दिसला ते बाई दर आठवड्याला त्या फळ्यावर लिहायच्या. फक्त ठिकाण आणि आकडा.

"मेले सात झाले की गं," मावशी म्हणाली. "आता आठवा कुठं?"

"आठवा नाही, मावशी. असलेलेच सिद्ध करायचे वांधे झालेत."

मावशी एरवी अर्धा तास कोल्ह्यांच्या नावाने खडे फोडायची. आज तिने अंडी ठेवली आणि लगेच गेली.

बाईंनी पुडी परत उघडली. या वेळी टेबलावरचं भिंग घेतलं. कण सपाट नव्हते, जरासे वळलेले होते, आणि आतल्या बाजूने मोत्यासारखे चमकत होते. तो दगड नव्हता. तो शिंपला होता.

समुद्र तिथून तीनशे किलोमीटर लांब. टेकडीवर शिंपले आले कुठून?

४

बाई शिंपल्यापाशी अडल्या की कोल्ह्याकडे वळायच्या, कोल्ह्यापाशी अडल्या की चोराकडे. शेवटी त्यांनी चोराचाच नीट विचार केला. ज्याला कॅमेऱ्याची जागा माहीत आहे तो कार्ड चोरायला समोरून येईल कशाला? मागून येईल. पण भिंग पुसलं होतं. भिंग कोण पुसतं? ज्याने आधी त्यात डोकावून बघितलं, 'हे काय आहे' म्हणून नाक लावलं, तो. म्हणजे चोराला कॅमेरा तिथं आहे हे ठाऊकच नव्हतं. तो दुसऱ्याच कामासाठी टेकडीवर आला, त्याचा फोटो निघाला, आणि मग त्याला कार्ड न्यावं लागलं.

मग ते तिघं बादच. चौथाच कुणीतरी. आणि तो टेकडीवर असं काय करत होता, जे कुणाला दिसायला नको होतं?

बाईंनी सातही नोंदींचे कागद टेबलावर पसरले. तारीख, वेळ, ठिकाण, किती दिसले. आणि अगदी शेवटी एक अरुंद रकाना: 'कोणीकडे गेला'. तो रकाना बाईंनीच नोकरीच्या पहिल्या वर्षी हौसेने घालून घेतला होता. लोक इमानेइतबारे भरायचे. बावीस वर्षांत तो कुणी वाचला नव्हता, बाईंनीसुद्धा नाही. साहेबांना आकडा लागायचा, आणि आकडा वेगळ्या रकान्यात असायचा.

आता वाचला. मास्तर: 'पाण्याच्या टाकीच्या दिशेने'. मेंढपाळाने सांगितलेलं बाईंनीच लिहिलेलं: 'ओढा उतरून टाकीकडे'. खाणवाला: 'सरळ उत्तरेला, टाकीच्या अंगाला'.

बाईंनी फूटपट्टी घेतली. प्रत्येक टाचणीपासून कोल्हा गेला त्या दिशेने पेन्सिलीची रेघ ओढली. एक, दोन, तीन. चौथी रेघ त्यांनी दोनदा तपासली. सातही रेघा चारी बाजूंनी आल्या आणि एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या.

सात कोल्हे एकाच घरी जात नाहीत. तो एकच कोल्हा होता, सात वेळा घरी परत चाललेला.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. सातवरून एक. दोन महिने फुललेलं मन असं झर्रकन खाली बसलं की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी नकाशावर वाकून बघितलं. रेघा मिळत होत्या तिथं टाकीमागच्या गल्लीत एकच मोठं अंगण होतं. त्या अंगणाच्या मालकिणीची तक्रारींची वेगळी फाईल कपाटात होती, कोल्ह्यांनी कोंबड्या नेल्याच्या तक्रारींची, वीस वर्षांची. यंदा कोल्हा तिच्या दारापर्यंत येत होता आणि तिची एकही तक्रार नव्हती.

आणि कोंबड्यांच्या अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून त्यांना काय खायला घालतात, हे बाईंना आत्ता आठवलं. शिंपल्यांचा चुरा.

५

फाटक उघडंच होतं. अंगणात दोनेकशे कोंबड्या, आणि त्यांच्या मधोमध उन्हात एक कोल्हीण पाय पसरून झोपली होती. तिच्या पोटाला टेकून एक म्हातारी तांबडी कोंबडी बसली होती. बाईंच्या पावलांनी कोल्हिणीने एक डोळा उघडला, बघितलं, मिटला. कोंबडीने तेवढंही केलं नाही.

बाईंनी कोल्हा चार वर्षांनी पाहिला होता. त्या जिथल्या तिथं उभ्या राहिल्या.

मावशी खुराड्यातून बाहेर आली. हातात चुऱ्याचं घमेलं. तिने काही नाकारलं नाही. कंबरेची पिशवी चाचपली, त्यातून कार्ड काढलं, एप्रनला पुसलं आणि बाईंच्या हातावर ठेवलं.

"लाल दिवा लुकलुकला म्हणून बघायला गेले," ती म्हणाली. "जावयाच्या कॅमेऱ्यात असलंच कार्ड असतं. तुझ्या यंत्राला धक्का नाही लावला. चहा घेतेस?"

"मावशी, ही कुठून आली?"

"दोन वर्षांपूर्वी रस्त्यावर हिची आई मेलेली होती. ही तिच्या पोटाशी. डोळे उघडले नव्हते. मी वीस वर्षं कोल्ह्यांना शिव्या घातल्या, पण ते एवढंसं पिल्लू घेऊन मी काय करू? खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिच्याखाली सरकवलं. तिला काय, ऊब द्यायला काहीतरी हवं होतं. दूध मी पाजलं, वाढवली तिने. कोंबडीला आई समजते ही. उंदीर दिसला तरी घाबरते."

बाईंना हसूही आलं आणि आत कळही उठली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वहीत शून्य लिहिलं होतं, आणि रस्त्यावर एक आई मरून पडली होती.

"मग तिला लांब रानात सोडायला का नेत होतात?"

मावशीने घमेलं खाली ठेवलं. "थंडी पडली आणि ही ओरडायला लागली. तिन्हीसांजेला भिंतीवर चढायची आणि ओरडायची. मग थांबून ऐकायची. उत्तर येत नव्हतं. मला बघवेना. एकदा वीटभट्टीपलीकडे सोडून आले, दोन दिवसांनी ही दारात. आणि त्याच आठवड्यात तुझ्या फळ्यावर वाचलं, कालव्याजवळ कोल्हा दिसला. म्हटलं, अरे, आहेत की. मग कालव्यापलीकडे, आत झाडीत नेऊन सोडली. परत आली, वळसा घालून. मग फळ्यावर आणखी एक. तिथं नेली. जिथं जिथं तू लिहिलंस तिथं तिथं नेली बघ, अंड्यांच्या ट्रेमागे पेटी ठेवून. दरवेळी परत आली."

बाईंच्या आता लक्षात आलं. त्या फळ्यावर लिहायच्या, मावशी ते वाचून कोल्हीण तिकडे न्यायची, कोल्हीण घरी परतताना कुणाला तरी दिसायची, आणि बाई पुन्हा फळ्यावर लिहायच्या. दोघींनी एकमेकींना दोन महिने आशा लावली होती.

"सात कोल्हे आहेत," मावशी म्हणत होती, आणि तिचा आवाज आता हलका झाला होता. "सातांतल्या एकालाही माझी पोर चालेना. मला वाटलं, अंगाला माणसाचा वास लागलाय, म्हणून जवळ घेत नसतील. दीड महिना झाला, मी हिला हात लावलेला नाही. ती येते, पायाशी घोळते. मी हात मागे घेते."

बाईंनी खिशातल्या कार्डाला हात लावला. त्यात फोटो असणार, कोल्ह्याचा, रानातला. साहेबांनी एकच मागितला होता. कोण विचारायला येणार होतं? पान राहिलं असतं, कोल्हीण इथंच राहिली असती, आणि मावशीला काही कळलंही नसतं. फक्त ती कोल्हीण रोज भिंतीवर चढून ओरडली असती आणि थांबून ऐकत राहिली असती.

"मावशी, इकडे बसा," बाई म्हणाल्या आणि स्वतःही खाली बसल्या. "तिला कुणी नाकारलेलं नाही. तिथं कुणी नव्हतंच. ती सातही वेळा हीच होती."

मावशी एकेक बोट दुमडत गेली. ओठ हलत होते, बहुधा ठिकाणं मोजत होती. मग तिने कोल्हिणीकडे बघितलं.

"म्हणजे वासाचं काही नव्हतं?"

"काही नव्हतं."

मावशी उठली, गुडघ्यावर हात टेकत गेली, आणि कोल्हिणीच्या मानेत दोन्ही हात घालून तिचं डोकं मांडीवर घेतलं. तांबडी कोंबडी कुरकुरत जरा बाजूला सरकली. बाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं, कारण मावशी रडत होती आणि बाईसुद्धा.

६

नदीपलीकडे, दीडशे किलोमीटरवर, बाईंची एक मैत्रीण मोजणीचंच काम करायची. तिच्या पानावर अजून एकोणीस कोल्हे होते. शिवाय तिच्याकडे कुंपण घातलेलं मोठं रान होतं. आईवेगळी पिल्लं तिथं शिकार शिकायची आणि मग फाटक उघडलं जायचं. सध्या तिथं एक तरणा कोल्हा होता, तोही एकटाच ओरडायचा. मधे एवढी मोठी नदी, की तिथून चालत परत येणं कुठल्याही कोल्हिणीला जमणार नव्हतं.

बाईंनी हे सगळं मावशीला सांगितलं, परत येणं जमणार नाही हेही. ठरवायचं मावशीनेच होतं. तिने दोन दिवस घेतले.

शुक्रवारी सकाळी टेम्पो निघाला. अंड्यांचे ट्रे काढून ठेवले होते, मागे फक्त पेटी. निघण्याआधी बाईंनी साहेबांना फोन करून यंदाचा आकडा कळवला होता. साहेब म्हणाले, "बाई, नक्की?" बाई म्हणाल्या, "नक्की."

वाटेत मावशीने विचारलं, "तुझ्या त्या पानाचं काय?"

"बंद होईल."

"ही इथं राहिली असती तर राहिलं असतं ना?"

"राहिलं असतं."

मावशीने गिअर बदलला. "वेडी आहेस तू," ती म्हणाली, आणि पुढचे दहा किलोमीटर तिने बाईंचा हात सोडला नाही, वळणावरसुद्धा. बाईंचा जीव टांगणीला लागला होता, पण त्यांनी हात काढून घेतला नाही.

रान मोठं होतं. गुडघ्याएवढं गवत, मधे ओहोळ. मैत्रिणीने फाटक उघडलं. मावशीने पेटी खाली ठेवली, जाळीतून दोन बोटं आत घातली, काहीतरी पुटपुटली आणि एकदम पाठ फिरवून टेम्पोत जाऊन बसली. समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत.

"तू उघड," ती आतूनच म्हणाली. "मला जमणार नाही."

बाईंनी पेटीचं दार उघडलं. कोल्हीण बाहेर आली. नाक वर करून उभी राहिली, कान पुढे. लांब गवतातून एक आखूड, घोगरी हाक आली. कोल्हिणीचं सगळं अंग ताठ झालं. तिने उत्तर दिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या उत्तराला पुन्हा उत्तर आलं. मग ती धावत सुटली, आणि गवत तिच्यामागे मिटत गेलं.

बाई टेम्पोत येऊन बसल्या. मावशीने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. तिने हाक ऐकली होती, दोन्ही ऐकल्या होत्या.

"वळून बघितलं का तिने?" तिने विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. मावशीने मान वळवली नव्हती, तिला कधीच कळलं नसतं. बाईंनी बावीस वर्षांत न दिसलेलं कधी सांगितलं नव्हतं.

"नाही."

"एकदासुद्धा?"

"एकदासुद्धा नाही, मावशी."

मावशीचा चेहरा वेडावाकडा झाला. तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं आणि किल्ली फिरवली.

"मग राहील ती इथं," ती म्हणाली.